नाकातून पाणी आणि गेलेला वास: एथमॉइड हाडाच्या एका फटीचं प्रकरण

रुग्णाच्या परवानगीने हे प्रकरण लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय घटनाक्रम तसाच ठेवला आहे. लिहिण्याचं कारण एवढंच की डोक्याला मार लागलेल्या माणसाला आपण दहा प्रश्न विचारतो, पण वासाबद्दल सहसा विचारत नाही. या प्रकरणात तो प्रश्न दोन महिने कुणी नीट विचारला नाही. पुढे विचारला तेव्हा नाकातून होणारी मेंदूभोवतीच्या पाण्याची गळती बंद करणं आणि वास वाचवणं या दोन गोष्टी एकमेकींच्या आड उभ्या होत्या.

पार्श्वभूमी

रुग्ण ४३ वर्षांचे. गाव धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, भूमच्या बाजूला. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, त्यामुळे या भागात बऱ्याच घरांचा संसार जनावरांवर चालतो. दूध आटवून खवा करायचा आणि तो मोठ्या शहरांत पाठवायचा, हा इथला जुना धंदा. यांची स्वतःची लाकडावरची भट्टी आहे. म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो खवा पडतो. एक कढई वाया गेली की नुकसान किती, हे त्यावरून कळावं.

या धंद्यात नाकाला फार काम असतं. सकाळी कॅनचं झाकण उघडलं की दूध घ्यायचं की परत पाठवायचं हे ते वासावर ठरवत. आटत आलेलं दूध तळाला लागायच्या बेतात असलं की वास आधी बदलतो. रंग बदलेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. वीस-बावीस वर्षांच्या सवयीने हे त्यांना न सांगता कळत होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला, ऊसतोडीच्या ऐन हंगामात, रात्री मोटारसायकलवरून परतताना ते उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळले. ट्रॉलीला मागे ना लाल दिवा होता, ना रिफ्लेक्टर. यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. कपाळ आणि नाकाचं मूळ थेट ट्रॉलीच्या फाळक्यावर बसलं. काही मिनिटं शुद्ध हरपली, दोन्ही नाकपुड्यांतून रक्त आलं आणि सकाळपर्यंत दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं झालं.

तालुक्याच्या ठिकाणी टाके घालून त्यांना एका खासगी रुग्णालयात हलवलं. तिथे मेंदूचा सीटी स्कॅन झाला. मेंदूत रक्तस्राव नाही, सूज नाही. तीन दिवस देखरेखीखाली ठेवून घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर ‘डोक्याला किरकोळ मार, सीटी नॉर्मल’ असं लिहिलेलं होतं.

अडचण कशी वाढत गेली

घरी आल्यावर आठवड्याभरात दोन गोष्टी घडल्या. पहिली त्यांच्या पत्नीच्या लक्षात आली. आमच्याकडे आल्यावर त्या म्हणाल्या, “दूध कढईला लागलं, सगळ्या अंगणात करपट वास सुटला, अन् हे तिथंच उभं राहून उलथणं फिरवायले. ह्यांना काहीच कळंना.” घरच्यांनी ते अपघाताच्या थकव्यावर घातलं.

दुसरी रुग्णाला स्वतःला जाणवली. भट्टीवर वाकलं की डाव्या नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपटप पडायचं. “सर्दी म्हणावी तर शेंबूड नाही, शिंक नाही. वाकलं की नळ सुटल्यावानी गळायलंय,” असं त्यांचं वर्णन. कधी कधी ते पाणी घशात उतरायचं आणि खारट लागायचं.

जवळच्या डॉक्टरांनी ॲलर्जीची सर्दी समजून गोळ्या आणि नाकात मारायचा स्प्रे दिला. थंडीचे दिवस, भट्टीचा धूर, त्यामुळे ते निदान अगदीच अवाजवी म्हणता येणार नाही. वासाची तक्रार त्यांच्याही कानावर गेली होती. त्यांनी बामची डबी नाकाखाली धरून विचारलं, येतो का वास? रुग्ण म्हणाले, येतो. विषय तिथेच मिटला. त्या ‘येतो’कडे मी खाली परत येणार आहे. घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी नाकात कोमट तेल सोडायला सांगितलं, तेही काही दिवस झालं.

जानेवारीच्या शेवटी एका दिवसात सगळं पालटलं. सकाळी थंडी वाजून ताप, दुपारी असह्य डोकेदुखी आणि उलट्या, रात्री असंबद्ध बडबड. मान ताठ. त्यांना तातडीने दाखल करून पाठीतून पाणी काढलं गेलं. ते गढूळ होतं, त्यात पू-पेशी भरपूर, साखर कमी, आणि जंतू निघाला न्यूमोकोकस. जंतुसंसर्गाचा मेंदूज्वर. सेफ्ट्रिॲक्सोन, व्हॅन्कोमायसिन आणि सुरुवातीला स्टेरॉइड अशा उपचारांवर ते वाचले, शुद्धीवर आले, हिंडूफिरू लागले. तिथल्या एका निवासी डॉक्टरने बिछान्याची डोक्याकडची बाजू खाली केली, तेव्हा रुग्णाची उशी डाव्या बाजूला ओली झालेली पाहिली आणि अपघाताची जुनी फाइल मागवली. इथून आम्ही या प्रकरणात आलो.

हे हाड नेमकं कसं आहे

पुढचे सगळे निर्णय एका हाडाच्या रचनेवर अवलंबून होते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

कवटीतल्या मेंदूला वेढणाऱ्या आठ हाडांपैकी एथमॉइड हे एक. ते मध्यभागी, दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या छताशी असतं. बाहेरून हाताला लागत नाही. वजनाला अगदी हलकं, कारण त्याचा मोठा भाग म्हणजे हवेच्या लहान-लहान पोकळ्या. या पोकळ्यांचे दोन पुंजके, डावा आणि उजवा, डोळ्याच्या खोबणीची आतली भिंत बनवतात. नाकाच्या मधल्या पडद्याचा वरचा भाग याच हाडाचा. नाकातली वरची आणि मधली शंखिका, म्हणजे टर्बिनेट, हीसुद्धा याच हाडातून निघते. वरच्या अंगाला, कवटीच्या आत, एक लहानसा कंगोरा उभा असतो. मेंदूच्या दोन गोलार्धांमधला पडदा तिथे पुढच्या बाजूला बांधलेला असतो.

त्या कंगोऱ्याच्या दोन्ही अंगांना असते क्रिब्रिफॉर्म प्लेट. ही आडवी पट्टी चाळणीसारखी भोकाभोकांची असते. वर मेंदू, खाली नाक, मध्ये एवढीच पट्टी. नाकाच्या छतावरच्या काही चौरस सेंटिमीटर अस्तरात वास ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांचे तंतू एकत्र येऊन प्रत्येक बाजूला साधारण वीस बारीक जुड्या होतात, पट्टीच्या भोकांतून वर चढतात आणि पट्टीवरच टेकलेल्या घ्राणकंदाला, म्हणजे ऑल्फॅक्टरी बल्बला मिळतात. वासाची संपूर्ण वाट ही एवढीच, आणि ती हाडातून आरपार जाते.

आता यातले धोके. पहिला, हाडाची जाडी. पट्टी दोन्ही घ्राणकंदांसाठी किंचित खोलगट झालेली असते. त्या खळग्याची बाहेरची उभी भिंत, लॅटरल लॅमेला, कवटीच्या तळातली सर्वांत पातळ जागा. तिची जाडी ०.०५ ते ०.२ मिलिमीटर इतकीच भरते. खळगा किती खोल यावरून केरोस यांनी १९६२ मध्ये तीन प्रकार केले: १ ते ३, ४ ते ७ आणि ८ ते १६ मिलिमीटर. खळगा जितका खोल, तितकी ही पातळ भिंत उंच आणि शस्त्रक्रियेत फुटायला सोपी. पुढची एथमॉइड धमनीही याच भिंतीतून आत शिरते.

दुसरा धोका मेंदूच्या आवरणाचा. कवटीच्या वरच्या भागात हे आवरण, म्हणजे ड्यूरा, हाडापासून तसा सुटा करता येतो. इथे मात्र तो हाडाला घट्ट चिकटलेला असतो आणि प्रत्येक तंतूबरोबर थोडा भोकात उतरलेलाही असतो. हाडाला चीर गेली की आवरणही त्याच रेषेत फाटतं. मेंदूभोवतीचं पाणी शरीर दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर तयार करतं आणि एका वेळी साधारण १५० मिलिलिटर शिल्लक असतं. त्याला नाकात उतरायला वाट मिळते. पाणी खाली येतं तशी नाकातल्या जंतूंनाही वर जायची सोय होते.

तिसरा धोका खुद्द तंतूंना. डोकं जोरात आदळलं की मेंदू कवटीत सरकतो, पट्टी जागेवर राहते, आणि मधले तंतू भोकाच्या काठावर तुटतात. हाड न मोडताही असं होऊ शकतं. वास ओळखणाऱ्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, मज्जापेशींमध्ये ही दुर्मीळ गोष्ट. पण नव्या पेशीचा तंतू त्याच भोकातून वर पोचायला हवा. भोकात व्रण भरला असेल तर तो खालीच अडतो.

निदान

आमच्याकडे आल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्यांना बसवून, मान खाली घालून, मांडीवर कोपर टेकवून थांबायला सांगितलं. थोड्याच वेळात डाव्या नाकपुडीतून थेंब सुरू झाले. स्वच्छ बाटलीत मिलिलिटरभर जमलं. रुमालावर पडलेलं पाणी वाळलं तरी कापड कडक झालं नाही. शेंबडाने होतं.

नमुना बीटा-२ ट्रान्सफेरिनसाठी मुंबईला पाठवला. हे प्रथिन मेंदूजलात असतं, नाकाच्या स्रावात आणि अश्रूंत नसतं, त्यामुळे या तपासणीवर विसंबता येतं. ग्लुकोमीटरची पट्टी लावून साखर पाहण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालते. तिच्यावर माझा भरवसा नाही. रक्ताचा अंश असला तरी ती ‘हो’ म्हणते आणि मेंदूज्वरात साखर उतरलेली असताना ‘नाही’ म्हणते. अहवाल सकारात्मक आला.

मग वास. इथे बामचा हिशेब चुकता करू. नाकात दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. वासाची पहिली कवटीय मज्जा, म्हणजे मेंदूतून निघणारा मज्जातंतू, आणि झोंबणं, थंडावा, जळजळ सांगणारी पाचवी. बामचा मेन्थॉल, चुना-नवसागराचा अमोनिया, मिरचीचा ठसका हे पाचव्या मज्जेला कळतात. वास पूर्ण गेलेल्या माणसालाही बाम ‘येतो’. त्यामुळे आम्ही डोळे बंद करून, एकेक नाकपुडी दाबून कॉफी, लवंग, खोबरेल आणि अंगाचा साबण दिला. डावीकडे शून्य. उजवीकडे कॉफी आणि लवंग यांना ते म्हणाले, “काहीतरी हाय, पण काय ते सांगता येईना.” बाकी दोन नाहीत. नंतर मुद्दाम नवसागर दिला, तर दोन्हीकडून डोकं झटकन मागे. म्हणजे ते सोंग करत नव्हते आणि पाचवी मज्जा शाबूत होती.

‘काहीतरी हाय’ या उत्तराने पुढची शस्त्रक्रिया कशी करायची ते ठरवलं.

अपघाताच्या वेळचा सीटी आम्ही परत पाहिला. तो मेंदूसाठी काढलेला, ५ मिलिमीटरच्या जाड कापांचा. मिलिमीटरच्या अंशाइतक्या हाडातली चीर त्यात दिसणं शक्यच नव्हतं. ‘नॉर्मल’ हा शेरा मेंदूपुरता खरा होता, नाकाच्या छताबद्दल तो काहीच सांगत नव्हता. ०.६ मिलिमीटरच्या कापांचा नवा स्कॅन केला. डाव्या क्रिब्रिफॉर्म प्लेटमध्ये, ती पातळ उभ्या भिंतीला मिळते तिथे, सुमारे ४ मिलिमीटरची फट. खळग्याची खोली डावीकडे ६, उजवीकडे ५ मिलिमीटर, म्हणजे केरोसचा दुसरा प्रकार. एमआरआयमध्ये फटीतून पाण्याची अखंड रेघ नाकात उतरलेली दिसली. मेंदूचा भाग खाली उतरलेला नव्हता. डावा घ्राणकंद चपटा आणि त्यावरच्या मेंदूच्या भागाला जुन्या माराची खूण. उजवा घ्राणकंद आकाराने चांगला.

पुढचे पर्याय

पहिला पर्याय थांबण्याचा. अपघातानंतरच्या गळत्यांपैकी बहुतेक आठवडा-दहा दिवसांत आपोआप बंद होतात. त्यासाठी पडून राहायचं, डोकं ३० अंश वर, नाक शिंकरायचं नाही, कुंथायचं नाही, लागलं तर कमरेतून नळी घालून पाण्याचा दाब उतरवायचा. हे सगळं डिसेंबरमध्ये करता आलं असतं. दोन महिने वाहणारी आणि मेंदूज्वर होऊन गेलेली गळती थांबून बंद होण्याची आशा धरणं मला धोक्याचं वाटलं. अशा गळत्या मध्येच थांबतात, माणूस निर्धास्त होतो आणि दुसरा मेंदूज्वर येतो.

दुसरा, कवटी उघडून वरून दुरुस्ती. १९२६ मध्ये वॉल्टर डँडी यांनी अशीच पहिली यशस्वी दुरुस्ती केली. मोठ्या, अनेक ठिकाणी फुटलेल्या तळासाठी हा मार्ग आजही लागतो. पण त्यात मेंदूचा पुढचा भाग उचलावा लागतो आणि उरलेले घ्राणतंतू ताणून तुटण्याची शक्यता बरीच. मेंदूशल्यचिकित्सकांशी बोललो. फट एक आणि लहान असल्यामुळे त्यांचाही कल खालून जाण्याकडे होता. एका गोष्टीवर मतभेद झाला. त्यांचं म्हणणं मेंदूज्वरानंतर सहा आठवडे जाऊ द्यावेत. माझं म्हणणं, प्रतिजैविकांचा दोन आठवड्यांचा कोर्स संपला, ताप नाही, पाणी स्वच्छ झालं, की लगेच करावं. कारण मधले चार आठवडे फट उघडीच राहणार आणि रुग्ण गावी जाऊन कढईवर वाकणारच. शेवटी लवकर करायचं ठरलं. दुसरं मत चूक होतं असं मी म्हणणार नाही. रुग्णालयाच्या जवळ राहणाऱ्या, घरी विश्रांती मिळणाऱ्या माणसासाठी मीही कदाचित थांबलो असतो.

तिसरा पर्याय नाकातून दुर्बिणीने. पहिल्याच प्रयत्नात गळती बंद होण्याचं प्रमाण यात ९० टक्क्यांच्या आसपास असतं. हाच निवडला.

त्यातही खरा पेच वेगळा होता. फट बुजवण्यासाठी नाकाच्या मधल्या पडद्यावरचं अस्तर रक्तवाहिनीसकट उचलून वर पसरायचं, हा आज सर्वांत पक्का मानला जाणारा उपाय. पण पडद्याचा वरचा पट्टा म्हणजे वासाचंच अस्तर. अस्तर उचलताना तो भाग राखण्यासाठी काप छतापासून सेंटिमीटरभर खाली ठेवतात. तरीही पुढे व्रण आकसतो, खपल्या धरतात आणि त्याचा त्रास पलीकडच्या बाजूलाही होऊ शकतो. ४ मिलिमीटरच्या फटीला एवढ्या मोठ्या अस्तराची गरज आहे का? लहान फटींत सुटं, म्हणजे रक्तवाहिनीशिवाय घेतलेलं अस्तरही तितकंच धरतं. आम्ही सुटं अस्तर घ्यायचं, पडद्याला हात लावायचा नाही आणि उजव्या बाजूला दुर्बीण पाहण्यापुरतीसुद्धा छताजवळ न्यायची नाही, असं ठरवलं.

रुग्णाशी बोलणं

संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगणं भाग होतं. डाव्या बाजूची फट बुजवायची म्हणजे तिथली उरलीसुरली वासाची भोकंही बुजवायची. उद्या नवे तंतू उगवले तरी त्यांना वर जायला वाट राहणार नाही. गळती थांबेल, डावा वास कायमचा जाईल, आणि उजव्याची हमी नाही.

ते बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, “एका बाजूच्या वासावर खवा कळंल का?” उत्तर हो असं होतं. एक बाजू चांगली असेल तर वास ओळखायला ती पुरते, एका बाजूचा वास गेल्याचं कित्येकांना कधी कळतही नाही. त्यांची एक बाजूही सध्या चांगली नव्हती, हेही सांगितलं. पत्नीने मध्येच विषय संपवला: “जीव राहू द्या आधी. वास मी घेईन.”

खर्चाचा प्रश्न रेशनकार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत सुटला. कागदपत्रांची धावपळ मुलाने केली.

शस्त्रक्रिया

भूलतज्ज्ञांना आधी सांगितलं होतं की श्वासनलिकेत नळी जाईपर्यंत मास्कने जोरात हवा द्यायची नाही, कारण ती फटीतून कवटीत शिरते. नाकातून जठरात नळी घालायची नाही, हेही फलकावर लिहिलं. पाठीतून फ्लुरेसीन हा रंग सोडून गळतीची जागा रंगवण्याची पद्धत आहे. एमआरआयमध्ये जागा इतकी स्पष्ट होती की त्याची गरज वाटली नाही. डोकं थोडं खाली करून फुप्फुसांत क्षणभर दाब धरल्यावर डाव्या मधल्या शंखिकेच्या आतल्या बाजूने पाणी उतरताना दिसलं.

फटीभोवतीचं अस्तर काही मिलिमीटर खरवडून हाड उघडं केलं. हे टाळलं तर कलम, म्हणजे फटीवर बसवलेला तुकडा, धरत नाही, आणि अस्तर खाली दबलं तर पुढे त्यात स्राव साठून गाठ होते. बऱ्याच ठिकाणी कलम हाड आणि ड्यूरा यांच्या मध्ये सरकवतात. इथे ड्यूरा हाडाला घट्ट असल्यामुळे तसं करायला गेलं तर फट आणखी वाढायची. म्हणून कानाच्या पाळीतल्या चरबीचा बारीक तुकडा फटीत बसवला, त्यावर मांडीच्या स्नायूवरचं आवरण आणि त्यावर डाव्या नाकाच्या तळातून घेतलेलं सुटं अस्तर. वरून फायब्रिन ग्लू, मग विरघळणारं पॅकिंग. कमरेत नळी ठेवली नाही.

नंतरचे दिवस रटाळ आणि महत्त्वाचे. डोकं उंच, शिंक आली तर तोंड उघडून, शौच साफ राहावं म्हणून लॅक्टुलोज. प्रतिबंधक म्हणून प्रतिजैविकं लांबवण्याला पुराव्याचा आधार नाही, त्यामुळे ती दिली नाहीत. न्यूमोकोकसची लस जाण्यापूर्वी टोचली, दुसरी लस दोन महिन्यांनंतरची ठरवली. सहा आठवडे कढई नाही, दुधाचा कॅन उचलायचा नाही. ही शेवटची अट पाळली जाईल याची खात्री कुणालाच नव्हती. म्हणून मुलाला वेगळं बसवून सांगितलं आणि भट्टीवर तेवढ्या काळापुरता गडी ठेवायला लावला.

परिणाम

गळती पहिल्या दिवसापासून थांबली आणि वर्षभराच्या तपासणीपर्यंत परत आली नाही. दुर्बिणीत कलम आजूबाजूच्या अस्तरात मिसळून गेलेलं दिसतं. मेंदूज्वर पुन्हा झाला नाही.

वासाची गोष्ट इतकी सरळ गेली नाही. शस्त्रक्रियेनंतर महिन्याभराने त्यांना वासाचा सराव सुरू करून दिला. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, दिवसातून दोनदा, प्रत्येक वास काही सेकंद, मन लावून. हा सराव २००९ पासून अभ्यासलेला आहे आणि किमान १२ आठवडे करावा लागतो. गावात चारही वस्तू मिळाल्या: गुलाबाचं अत्तर जत्रेतलं, बाकी किराणा दुकानातलं. पहिले दोन-अडीच महिने फरक नाही. मग अचानक उकळत्या दुधाला जळक्या रबराचा वास येऊ लागला आणि ते घाबरून फोन करून बसले. तुटलेले तंतू परत जोडले जाताना असे विकृत वास येतात, हे आधी सांगून ठेवलं होतं तरी स्वतःच्या चुलीवर तो वास येणं वेगळंच. जेवण सुटलं, वजन उतरलं. त्या काळात दूध आणि तळणीपासून त्यांना लांब ठेवलं, ताक-भाकरी, काकडी असं थंड खाणं दिलं. हळूहळू तो वास विरत गेला.

आज उजव्या बाजूने ते लवंग, कॉफी, गुलाब ओळखतात. करपणं कळतं, पण उशिरा. दूध आंबण्याच्या अगदी सुरुवातीचा वास अजून कळत नाही. डावी बाजू बंद आहे.

धंद्यात बदल करावे लागले. दूध घेताना आता प्रत्येक कॅनमधलं थोडं दूध वाटीत उकळून पाहतात, फाटलं तर परत. शिवाय दूध-संकलन केंद्रावर करतात तशी अल्कोहोलची चाचणी मुलगा करतो. कढईच्या शेवटच्या टप्प्याला पत्नी उभ्या राहतात. घरात गॅस गळतीचा अलार्म बसवला. सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात, आणि वास न येणाऱ्याला त्याचा काय उपयोग? हा सल्ला खरं तर डिसेंबरमध्येच मिळायला हवा होता.

काय वेगळं करता आलं असतं

डोळ्यांभोवती काळंनिळं आणि नाकातून रक्त, ही जोडी कवटीच्या पुढच्या तळाला चीर असल्याचा संशय घ्यायला पुरेशी होती. त्याच वेळी पातळ कापांचा सीटी झाला असता तर चीर दिसली असती. ते जमलं नसतं तरी घरी सोडताना दोन सूचना कागदावर देता आल्या असत्या: वाकल्यावर एका नाकपुडीतून पाणी आलं किंवा ताप-डोकेदुखी आली तर लगेच या, आणि नाकात काहीही घालू नका. आमच्या भागात नाकात तेल सोडणं इतकं रुळलेलं आहे की ‘औषध घालू नका’ म्हटलं तरी तेल घातलं जातंच. तेलाचं नाव घेऊन सांगावं लागतं.

वास तपासायला यंत्र लागत नाही. कॉफीची पुडी आणि लवंग, डोळे बंद, एकेक नाकपुडी. बाम, स्पिरिट, नवसागर बाजूला ठेवायचे. डोक्याला मार लागलेल्या माणसाने वास येत नाही म्हटलं आणि एका बाजूने पाणी वाहत असेल, तर दोन्ही तक्रारींचा पत्ता बहुधा एकच असतो. ॲलर्जीच्या गोळ्या देण्याआधी मान खाली घालून बसवलं असतं तर जानेवारीतला मेंदूज्वर टळण्याची बरीच शक्यता होती.

वासाचा सरावही दोन-तीन महिने आधी सुरू करता आला असता. अपघातात गेलेला वास सुमारे एक तृतीयांश लोकांत काही अंशी परत येतो आणि जे यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं. त्यातला बराच काळ यांचा सर्दीच्या गोळ्यांत गेला. उजव्या बाजूला त्याने किती फरक पडला असता हे मोजता येणार नाही.

आणि कागद. अपघात नुकसानभरपाईच्या दाव्यात वास गेल्याची नोंद लागते. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत वास जाणं बसत नाही, त्यामुळे प्रमाणपत्राचा मार्ग बंद. उरतो तो रुग्णालयाच्या नोंदींचा आधार. पहिल्या रुग्णालयाच्या पोलीस-नोंदीच्या कागदात वासाबद्दल अवाक्षर नाही, आणि विमा कंपनीचा मुद्दा असा की वास मेंदूज्वराने गेला, अपघाताने नाही. आम्ही दिलेल्या मतात लिहिलं आहे की फट, चपटा डावा घ्राणकंद आणि त्यावरची माराची खूण हे तिन्ही एकाच जागी, एकावर एक आहेत, आणि मेंदूज्वर अशी एकाच बाजूची खूण सोडत नाही. दूध लागल्याचा प्रसंग तापाच्या कित्येक आठवडे आधीचा आहे, त्याबद्दल पत्नीचा जबाबही जोडला आहे. दावा चालू आहे.